कापसाच्या मुलखात ड्रॅगन

माझे मामा गंगाखेडला राहतात. जन्मभर मराठी शिकवलं, आता शेती बघतात. नांदेडला शिकताना कुरुंदकर गुरुजींची भाषणं ऐकत वाढलेला हा माणूस, त्यामुळे वाचनाबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. मराठवाड्यातल्या माणसानं आधी मराठवाडा वाचावा, हे त्यातलं पहिलं. मी परभणीत आईजवळ राहते, नोकरीसाठी रोज रेल्वेनं सेलूला जाते-येते आणि कॉलेजात असल्यापासून मुख्यतः फँटसी वाचते: जादूगार, राक्षस, कुठल्याही नकाशात नसलेले देश, माणसाशी बोलणारे ड्रॅगन. आमचा हा वाद जुना आहे. यंदा दिवाळीनंतर मामा मुक्कामाला होते तेव्हा तो परत निघाला, पण नेहमीच्या जागी थांबला नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. मामांची बाजू होता होईल तो त्यांच्याच शब्दांत दिली आहे. ती लंगडी करून मांडली तर माझ्या बाजूलाही काही अर्थ उरणार नाही.

सुरुवात लोखंडी मांडणीवरून झाली.

“ही नवी दिसती,” मामा म्हणाले.

“उन्हाळ्यात घेतली. गोदरेजच्या कपाटात जागाच उरली नव्हती.”

“जागा उरली नाही की लोक पुस्तकं घ्यायची थांबतात. तू मांडणी घेतलीस.” त्यांनी एक जाड पुस्तक काढून पाठीमागची किंमत बघितली. “एवढ्यात कपाशीच्या बियाण्याची बॅग येती, माय. अन् ह्यातली किती वाचून झाली?”

“खालच्या दोन रांगा वाचायच्या आहेत.”

“मग आधी त्या वाच की. न वाचलेल्यावर नवीन आणायचं कामून?”

पुण्या-मुंबईचा वाचक याचं उत्तर वेगळं देईल, माझं उत्तर परभणीचं आहे. इथल्या पुस्तकांच्या दुकानांचं पोट पाठ्यपुस्तकांवर, गाइडांवर आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर चालतं. त्यात दुकानदारांचा काही दोष नाही. ग्रंथप्रदर्शन लागलं तर कादंबऱ्या, चरित्रं मिळतात. फँटसीची वेगळी रांग मी इथे कधी बघितलेली नाही. त्यात हा प्रकार तीन-तीन, सात-सात भागांत लिहिला जातो. दुसरा भाग हाती येतो तेव्हा पहिला मिळत नाही, आणि पहिला सापडेपर्यंत तिसऱ्याची आवृत्ती संपलेली असते. पुण्यातल्या माणसाला अप्पा बळवंत चौकात पुढच्या आठवड्यातही जाता येतं, म्हणून तो घेणं लांबणीवर टाकू शकतो. मी हैदराबादला जाते ती कधीमधी, रात्रीच्या गाडीनं, रविवार गाठून. रविवारी आबिड्सच्या बंद दुकानांपुढे फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. माझी बरीचशी इंग्रजी पुस्तकं तिथली आहेत, पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव असलेली, मधल्याच एखाद्या पानावर चहाचा डाग पडलेली. बाकीची ४३१४०१ या पिनकोडवर कुरिअरनं येतात. तेव्हा दिसलं की घ्यायचं आणि सवडीनं वाचायचं, ही रीत मला या गावानंच लावली.

आणलेलं जपणं हे वेगळंच काम आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात चिकटवलेल्या बांधणीचा डिंक सुकतो आणि जाड पेपरबॅक मधोमध उकलतं. ते खळीनं चिकटवून, वर कापडाची पट्टी लावून पुन्हा उभं करावं लागतं. पावसाळ्यात वाळवीची भीती असते. मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली आहे ती त्यासाठीच, आणि प्रत्येक रांगेत वाळलेला कडुनिंबाचा पाला आहे. हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी पाला हातात घेऊन हुंगला आणि मान डोलावली. पुस्तक जपणाऱ्या माणसावर ते कधी रागावत नाहीत.

“पैशाचं सोड,” ते म्हणाले. “मला खुपतं ते वेगळंच. बी. रघुनाथ सातोन्यात जन्मले, निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी केली, परभणीत राहिले, १९५३ साली गेले. वय अवघं चाळीस. तेवढ्यात आपलं खेडं, आपलं निमशहर, इथली पाटीलकी, इथले कारकून, सगळं लिहून ठेवलं त्यांनी. ‘आडगावचे चौधरी’, ‘जगाला कळले पाहिजे’. बोराड्यांनी ‘पाचोळा’त एका शिंप्याचा संसार मोडताना दाखवला, त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्या बोलीत. इंद्रजित भालेरावांनी कुणब्याचं पीकपाणी कवितेत आणलं. आपल्याबद्दल कुणी लिहीतच नव्हतं ग. लई उशिरा लिहाय लागले. अन् आता कुठं लिहिलंय, तर तू कुठल्या तरी नसलेल्या बेटावरच्या जादूगाराचं वाचायलीस.”

यातलं दुःख खरं आहे, आणि ते मामांच्या पिढीनं भोगलेलं आहे. आपला माणूस छापील पानावर पहिल्यांदा भेटतो तेव्हा काय होतं, हे मला त्यांनीच दिलेल्या ‘पाचोळा’नं शिकवलं. पण वाचनाची भूक तिथे संपावी, हे मला पटत नाही.

“मामा, २०१६ चा उन्हाळा आठवतो?”

“न आठवायला काय झालं? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते साल.”

“त्या एप्रिलात मी ले ग्विन या लेखिकेची ‘अर्थसी’ ही मालिका वाचत होते. ते सगळं जगच समुद्र आणि बेटांचं आहे. आपल्या गल्लीत टँकरची वाट बघत बायका घागरी घेऊन बसलेल्या, आणि मी पायरीवर बसून समुद्राचं वाचत होते.”

“तेच म्हणतो मी. ह्यालाच पळ काढणं म्हणतात.”

“मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तिसऱ्या भागात त्या जगातली जादू आटते. १९७२ सालचं पुस्तक आहे. मांत्रिक मंत्र विसरतात. रेशीम रंगवणाऱ्यांच्या बेटावर रंगाऱ्यांची कला जाते. माणसं कामाला हात लावीनात, लावला तर काम बिघडतं, आणि बिघडलं याचं कुणाला वाईट वाटत नाही. हळूहळू कळतं, की एका माणसाला मरण नको होतं. त्यानं जगणं आणि मरणं यांच्या मधल्या भिंतीला भोक पाडलं, आणि त्या भोकातून साऱ्या जगाचा जीव गळून चालला आहे. मामा, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? दोनशे फुटांवरचं पाणी गेलं, मग चारशे, मग सहाशे. ज्याच्याकडे पैसा होता त्यानं खोल बोअर घेतला आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडली.”

“पडली ना. आपलीच पडली,” मामा म्हणाले.

“रोज पेपरात टँकरचे आकडे येत होते, ते मी वाचत होते. पण बोअरच्या मागे लोभ आहे, आणि लोभाच्या मागे आपण संपून जाऊ ही भीती आहे, हे मला त्या आकड्यांत दिसलं नाही. त्या बेटांवर दिसलं.”

“‘पाचोळ्या’त दिसलं नसतं?”

“तिथं मला एक घर दिसलं असतं, आणि ते दिसायलाच हवं. पण एका भोकातून सगळ्या मुलखाचं पाणी चाललंय, हे डोळ्यांना दाखवायचं तर लेखकाला आधी तेवढा मुलूख उभा करावा लागतो.”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत; ते उत्तर शोधताना चष्मा पुसतात. मग म्हणाले, “चांगलं आहे. मी नाव ठेवत नाही. पण त्यात कर्ज कुठाय? व्याज कुठाय? बाजारातला भाव कुठाय? जादू आटली, मोठ्या जादूगारानं जाऊन भोक बुजवलं, झालं. आमच्या शिवारात कोण येणार बुजवायला?”

“तो बुजवतो, पण त्यात त्याची सगळी शक्ती जाते. ती परत मिळत नाही. आणि तुमचा हा प्रश्न त्या लेखिकेलाही पडला असला पाहिजे. अठरा वर्षांनी, १९९० साली, ती पुन्हा त्याच जगात गेली. या वेळी गोष्ट जादूगाराची नाही. शेतावर राहणारी एक विधवा आणि तिनं सांभाळलेली, आगीत भाजलेली एक पोर, यांची आहे. तो मोठा जादूगार थकून त्यांच्या दारात येतो आणि शेळ्या राखायला जातो. लहानपणी तो शेळ्याच राखत होता.”

“शेळ्या?”

“शेळ्याच. काशाचं काम करणाऱ्याच्या घरी जन्मलेला पोरगा आहे तो.”

हे मामांना आवडलं, चेहऱ्यावर दिसलं. पण ते लगेच पुढच्या मुद्द्यावर गेले, आणि तो मुद्दा माझ्यासाठी सगळ्यांत अवघड होता.

“मग बाकीच्या गोष्टीत राजाच कामून लागतो? हरवलेला वारस, खरं रक्त, वंशाची तलवार, गादी. टीव्हीवर बी तेच. आमच्या बापाच्या पिढीनं निजाम घालवला. सतरा सप्टेंबर अठ्ठेचाळीस. त्याच्या आधी रझाकारांच्या भीतीनं लोक गावं सोडून सरहद्दीपलीकडं राहिले. त्या लोकांच्या नातवंडांनी खरा राजा गादीवर परत कधी बसतो म्हणून पानं उलटायची?”

जगभरच्या फँटसीवर हा आक्षेप घेतला गेला आहे, पण मराठवाड्यात तो वेगळ्या जोरानं लागतो. इथे राजा ही कल्पनेतली गोष्ट नव्हती. त्याचे तालुकदार आणि त्याचा सारा लोकांच्या आठवणीत आहे. मी टॉल्किनबद्दल सांगितलं. हा माणूस १९१६ साली सोमच्या लढाईत खंदकात होता, आणि त्या युद्धानं त्याचे शाळेपासूनचे जिवलग मित्र नेले. तेव्हा वास्तव माहीत नव्हतं म्हणून तो अद्भुताकडे वळला, असं कुणी म्हणू नये. त्याच्या मोठ्या कादंबरीत जी अंगठी सगळी सत्ता देऊ शकते ती वापरायची नाही, नष्ट करायची; एवढाच त्या हजारभर पानांचा विषय. ती अंगठी नेतो कोण, तर एक साधा गावकरी आणि त्याचा माळी. शेवटच्या क्षणी तर त्या गावकऱ्याचाही निश्चय ढळतो. मुग्धा कर्णिकांनी हे मराठीत आणलं आहे, ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं. मी मामांना तो संच दाखवला.

“सत्ता नष्ट करतात, हे ठीक,” मामा म्हणाले. “तरी शेवटी गादीवर राजा बसतोच ना?”

“बसतो.”

“मग माझं म्हणणं राहिलं.”

राहिलं. त्यावर मी आणखी काही बोलले नाही, कारण तिथे ते बरोबर आहेत.

जेवताना वाद परंपरेवर गेला. मामांचं लाडकं पुस्तक म्हणजे स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली ‘गाथासप्तशती’, १९५६ सालची. “दोन हजार वर्षांखाली,” ते म्हणाले, “पैठणच्या हाल सातवाहनानं सातशे गाथा जमवल्या. काय आहे त्यात? शेत आहे, पीक राखणारी पोर आहे, गरिबाघरची बाई आहे, गोदावरीचा काठ आहे. तीच गोदावरी आमच्या गंगाखेडावरून वाहती. महाराष्ट्री प्राकृतात बोलणारी आपलीच माणसं. आपली परंपरा ही आहे. तिथं राक्षस नाहीत.”

“सातवाहनाच्याच दरबारात गुणाढ्य होता ना, मामा?”

ते हसले. मी कुठे चालले आहे हे त्यांना कळलं होतं. पण आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “कोण गुणाढ्य? तोच का, ज्यानं पोथी जाळली?” मग ती गोष्ट मला पुन्हा सांगावी लागली.

राजाला संस्कृत येत नव्हतं, राणीपुढे फजिती झाली, म्हणून ते शिकायचं ठरलं. मंत्री गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्यानं पण लावला, की हे घडलं तर मी संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा सोडीन. तो हरला, भाषा सोडून विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाचांच्या भाषेत, पैशाचीत, सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. रानात शाई नव्हती म्हणून रक्तानं लिहिली. राजाकडे ग्रंथ पाठवला तर राजानं तो परत केला: भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची. मग गुणाढ्यानं अग्निकुंड पेटवलं. एकेक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली जनावरं चारा विसरून भोवती उभी राहिली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, खाण्यात सुकं मांस येतंय. शिकारी म्हणाले, जनावरं चरतच नाहीत, एक ब्राह्मण काहीतरी वाचतो ते ऐकत बसतात. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले होते.

“ही दंतकथा आहे,” मामा म्हणाले.

“आहे. पण मूळ बृहत्कथा आज मिळत नाही हे खरं आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यमतीसाठी ती संस्कृतात सांगितली, तो ‘कथासरित्सागर’, ह. अ. भाव्यांनी तो मराठीत दिला. वेताळाच्या गोष्टी त्यातच आहेत. तिथून त्या मद्रासच्या ‘चांदोबा’त आल्या, शंकरांच्या चित्रांसकट, आणि तुम्ही दर महिन्याला त्याची वाट बघायचात. त्या वरच्या रांगेतले बांधीव अंक तुमच्याच घरातले आहेत. पैठणचं पाणी कालव्यानं पाथरी-मानवतकडे वळायला जायकवाडी व्हावं लागलं. १९७६ साली ते पुरं झालं. गोष्ट त्याच्या कितीतरी आधी काश्मीर आणि मद्रास फिरून आपल्या घरी आली होती. मग ती बाहेरची कशी? आणि तुम्ही मघाशी राजाचं विचारलंत. तुमच्या गाथा राजानं जमवल्या. माझी कथा राजानं परत पाठवली.”

मामांनी भाकरी मोडली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. “हे मी ह्या बाजूनं बघितलं नव्हतं,” एवढंच म्हणाले.

पण मराठीचा मास्तर इतक्यात सोडत नाही. मराठी कादंबरी सुरू झाली तीच मुळी ‘यमुनापर्यटन’नं, १८५७ साली, विधवांच्या हालांवर, हे त्यांनी काढलं. मी म्हटलं, चारच वर्षांनी ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली ‘मंजुघोषा’ आली. पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’. नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून पडून अधू झाले आणि अंथरुणावर पडल्यापडल्या वाचू-लिहू लागले, म्हणजे वेदनेशी त्यांचा परिचय कुणापेक्षा कमी नव्हता. माझ्या मते मराठीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक निवड केली. समाज सुधारायचा होता, त्यासाठी हरिभाऊंची कादंबरी हवी होती, आणि ती निवड त्या काळाला योग्यच होती. पण नंतर ती कधी तपासली गेली नाही. अद्भुत एकतर मुलांच्या खोलीत गेलं, नाहीतर नारायण धारपांच्या आणि मतकरींच्या भीतीच्या गोष्टींत. पौराणिक कादंबरीनं त्याची जागा घेतली असं म्हणतात, पण ‘ययाति’ किंवा ‘मृत्युंजय’ची वाट उलटी आहे: तिथे देवादिकांना आपल्यासारखं माणूस करायचं असतं. मोठ्या वाचकासाठी नवं जग रचणारे एकटे जी. ए. कुलकर्णी. ‘रमलखुणा’तली ‘इस्किलार’ आणि ‘प्रवासी’ या दोन दीर्घकथा कुठल्याही ओळखीच्या देशात घडत नाहीत.

“थांब,” मामा म्हणाले. “जी. ए. तू ह्या मांडणीत ठेवलेस?”

“ले ग्विनच्या शेजारी.”

“जी. ए. म्हणजे फँटसी नव्हे. ते नियतीचं चिंतन आहे.”

“ले ग्विनही चिंतनच आहे, मामा.”

यावर ते खरंच चिडले. हा वाद अजून मिटलेला नाही.

रात्री गच्चीवर त्यांनी स्वतःच वेगळा विषय काढला. माझे आजोबा, म्हणजे त्यांचे वडील, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. घरात ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे फाटके भाग होते, लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून निघालेल्या त्या अफाट दास्तानीचे. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या राखणीला मचाणावर ते मामांना घेऊन जायचे, आणि रात्रभर अमर अय्यारची गोष्ट चालायची. त्याच्या झंबिलीत, म्हणजे जादूच्या झोळीत, अख्खं जग मावायचं, नवी गोष्ट निघाली की ती झंबिलीतून निघायची.

“म्हणजे मला अद्भुत वर्ज्य नाही,” मामा म्हणाले. “पण शेजारच्या रानातली माणसं गोष्ट ऐकायला यायची. हुरडा भाजायचा, अन् ज्याला आठवल तो पुढची भर घालायचा. गावात गोंधळी यायचे. जनाबाईसंगं देव दळू लागला, हे आमच्या गंगाखेडात जात्यावरच्या बायांनी कुणाला विचारून म्हटलं नाही, अन् विकत बी घेतलं नाही. अद्भुत सगळ्यांचं होतं. तू रोज गाडीत खिडकीला बसून एकटी वाचतीस, घरी येऊन कपाटात ठेवतीस. माझं खरं भांडण ह्याच्याशी आहे.”

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. बाकीच्या मुद्द्यांपेक्षा मला हा लागला.

“मामा, मचाणावर आई यायची का?”

“तुझी आई? नाही. पोरीबाळी रातच्याला रानात कशाला...”

“तिला अय्यार माहीत नाही. मी विचारलंय. झंबील हा शब्द तिनं ऐकलेला नाही. एका बापाची दोन लेकरं तुम्ही. गोष्ट सगळ्यांची होती म्हणता, त्या सगळ्यांत ती नव्हती. मीही नसते. मला गणेश वाचनालयातून पुस्तकं मिळाली, कुणीतरी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हातात दिलं, म्हणून ही वाट सापडली. पुस्तकाला मुलगा-मुलगी कळत नाही, रात्र-दिवस कळत नाही. एकटीनं वाचते म्हणता, तर एकटीला वाचता येतं हीच तर त्याची किंमत आहे.”

“खरं आहे,” मामा म्हणाले. आणि मग, कारण ते मामा आहेत: “पण मग तिला काय मिळालं त्यातलं? तू वाचलंस. तिनं वाचलं का?”

याचं उत्तर मी देणार होते, तेवढ्यात आईनंच दिलं. ती वाळवणीचे कपडे काढायला वर आली होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिला रोज संध्याकाळी ‘कथासरित्सागर’ वाचून दाखवत होते. तो संपल्यावर इंग्रजीतल्या गोष्टी तोंडी, आपल्या बोलीत सांगत होते, दिवसा गाडीत वाचायचं आणि रात्री सांगायचं. मानवत रोड आलं की मी मनात मराठी वाक्यं जुळवायला लागायचे.

“मला तो वेताळ लई आवडला, दादा,” आई म्हणाली. “राजाला बोलायला लावतो अन् पळून जातो. अन् तो शेळ्या राखणारा जादूगार बी. तो म्हातारा होतो तिथवर सांगितलंय हिनं मला. राजाबिजाच्या गोष्टीत मला काही गोडी नाही.”

राजाच्या मुद्द्यावर घरात मामांच्या बाजूनं एक मत वाढलं.

“मग असं कर,” मामा म्हणाले. “सुट्टीत गंगाखेडला ये. गल्लीत पोरं-पोरी लई आहेत, दिवसभर मोबाइल घेऊन बसतात. ओसरीवर बसून सांग. पुस्तकं बी आण.”

“सांगीन. पुस्तकं वाचायला देईन, दान करणार नाही. वहीत नाव लिहायचं, वाचून झालं की परत आणायचं.”

“फाटली तर?”

“खळ आहे माझ्याकडे.”

कोणतं आधी द्यायचं यावर रात्री उशिरापर्यंत चाललं. टॉल्किन पहिल्यांदा द्यायचा नाही, यावर आमचं एकमत आहे. पहिलीच शंभर पानं नवख्याला दमवतात. ‘वीरधवल’ मला द्यावीशी वाटते, पण तिची भाषा आता नववी-दहावीतल्या मुलांना जड जाईल, ती वाचून दाखवावी लागेल. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न चालेल. हॅरी पॉटरसाठी तर वहीत नंबर लावावे लागतील. मुलींना मी अर्थसीचा दुसरा भाग सांगणार आहे, कारण त्यात भुयारातल्या अनाम शक्तींना लहानपणीच वाहिलेली एक मुलगी त्या अंधारातून स्वतःच्या पायांनी बाहेर येते.

मामांची अट एकच होती: पिशवीत ‘पाचोळा’ही पाहिजे.

“नववीच्या पोराला ‘पाचोळा’? मामा, कित्येकांच्या घरात तो रोज चालू असतो.”

“म्हणूनच. आपल्या घरातलं पुस्तकात छापून येतं, हे त्याला कधी कळणार?”

‘पाचोळा’ पिशवीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परळीकडच्या गाडीला मी मामांना सोडायला गेले तेव्हा त्यांच्या हातात ‘रमलखुणा’ होतं, माझ्या मांडणीतलं. वहीत सही करून नेलं आहे. ‘इस्किलार’ फँटसी नाही हे ते मला पानापानाचा दाखला देऊन सिद्ध करून दाखवणार आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गंगाखेडला गेले की आधी तो वाद होईल, मग ओसरीवर पोरं जमतील.